नदीचा उतार आणि शब्दाचा अर्थ

परकी भाषा शिकूं लागलेल्या मनुष्याची पहिली अडचण ही असते कीं, त्याला शब्द सांपडत नाहींत. दुसरी अडचण ही असते कीं, त्याला ते फार सांपडतात. पहिलीवर कोश हा उपाय आहे. दुसरी मात्र पुष्कळदां कोशानेंच उत्पन्न केलेली असते. एका मराठी शब्दापुढें सहा इंग्रजी शब्द ओळीनें उभे दिसले म्हणजे विद्यार्थी त्यांतला पहिला उचलतो, किंवा जो अधिक भारदस्त दिसेल तो उचलतो, आणि वाक्यांत नेऊन बसवितो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतें, अक्षरजोडणी बिनचूक असते. तरीही तें वाचतांना इंग्रज वाचक क्षणभर थबकतो. चूक कोठें झाली हें पुन्हा कोश उघडूनही उमगत नाहीं, कारण कोशांत तो शब्द आहेच! ही निवड कशी करावी, या प्रश्नाचें उत्तर सामान्यतः व्याकरणाच्या पुस्तकांतून शोधण्यांत येतें. प्रस्तुत लेखांत तें इतिहासाच्या आधारानें शोधण्याचा विचार आहे. आणि त्यासाठीं वाचकांस आम्ही जालना जिल्ह्यांतील एका रणभूमीवर घेऊन जाणार आहों.

आज जालना जिल्हा म्हणून ओळखला जाणारा प्रदेश १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वीं त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यांत मोडत असे. १८०३ सालीं हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांचीं सैन्यें अजिंठ्याचा घाट चढून या मुलखांत आलीं होतीं, आणि त्यांच्या पाठलागावर इंग्रजांच्या दोन फौजा होत्या. एकीचा सेनापति आर्थर वेलस्ली, जो पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला. दुसरीचा कर्नल स्टीव्हन्सन. २१ सप्टेंबर रोजीं हे दोघे बदनापूर येथें भेटले. मराठ्यांचा तळ भोकरदनास आहे अशी बातमी होती. तेव्हां दोघांनीं वेगवेगळ्या वाटांनीं पुढें सरकावें आणि २४ तारखेस मिळून हल्ला करावा, असा बेत ठरला.

२३ तारखेस वेलस्ली नळणीजवळ पोंचतो तों त्याला कळलें कीं, शत्रु पांच-सहा मैलांवरच आहे. हरकाऱ्यांची बातमी खोटी नव्हती. भोकरदन हें एका गांवाचें नांव होतें, तसेंच तें भोंवतालच्या परगण्याचेंही नांव होतें. सांगणाऱ्याचें भोकरदन म्हणजे परगणा. ऐकणाऱ्याचें भोकरदन म्हणजे गांव. मराठ्यांचा तळ भोकरदनाकडून असईच्या दिशेनें दूरवर पसरलेला होता, आणि पायदळ व तोफा असईच्या बाजूस होत्या. एका नांवाचे दोन अर्थ, आणि त्यांतील भलता अर्थ ध्यानीं धरला गेल्यामुळें, स्टीव्हन्सनची फौज दूर असतांनाच लढाई द्यावी कीं थांबावें याचा निर्णय वेलस्लीस उभ्या उभ्या घ्यावा लागला. त्यानें लढाई पत्करली.

असा घोटाळा आपल्या नित्य व्यवहारांतही संभवतो. पण तो क्वचितच होतो, याचें कारण पाहण्यासारखें आहे. परतूरचा रहिवासी पुण्यास गेला असतां “मी जालन्याचा” असें सांगतो, तेव्हां तो जिल्ह्याचें नांव सांगत असतो. तोच मनुष्य परतूरच्या स्थानकावर “जालन्याचें एक तिकीट द्या” म्हणतो, तेव्हां तो शहराचें नांव सांगत असतो. ऐकणारा चुकत नाहीं, कारण कोण बोलतो, कोठें बोलतो, कशासाठीं बोलतो, हें त्याच्या डोळ्यांसमोर असतें. वेलस्लीपुढें आलेलें नांव या सर्व परिवारापासून तुटून एकटेंच आलें होतें.

परंतु त्याच दिवशीं त्याच मनुष्यानें अर्थ लावण्याचा एक नमुनेदार धडाही घालून दिला. मध्यें केळणा नदी होती. इंग्रजी कागदपत्रांत हिचें नांव ‘कैटना’ असें पडलें आहे. पलीकडे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत असई गांव आणि मराठ्यांची फौज. समोरचा उतार मराठ्यांच्या माऱ्याखालीं होता. दुसरा उतार जवळपास आहे काय, असें विचारतां वाटाड्यांनीं नाहीं म्हणून सांगितलें. वेलस्लीनें दुर्बीण लावून पाहिलें, तों नदीच्या अलीकडच्या कांठीं एक आणि बरोबर त्याच्या समोर पलीकडच्या कांठीं दुसरें अशीं दोन गांवें त्याच्या दृष्टीस पडलीं: पिंपळगांव आणि वरूड. एवढ्यावरून त्यानें अनुमान बांधलें. दोन गांवें नदीच्या दोन कांठांवर इतकीं लगटून वसलीं आहेत, त्या अर्थी त्यांच्यांत नित्याची येजा असलीच पाहिजे. आणि येजा आहे त्या अर्थी नदीला तेथें उतारही असला पाहिजे. माणूस पाठवून शोध घेतला असतां उतार खरोखरच सांपडला, आणि त्या उतारानें सैन्य पार झालें.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. शिंद्यांचे गोलंदाज तोफा न सोडतां तेथेंच पडले. इंग्रजांच्या बाजूचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. लढाईचा निकाल मराठी मनास सुखाचा नाहीं. तथापि प्रतिपक्षाच्या शहाणपणापासून शिकूं नये असा कांहीं नियम नाहीं. आणि या एका दिवसाच्या घटनेंत आमच्या विषयाचें सार सांठविलेलें आहे. भोकरदन हा शब्द स्पष्ट सांगितला गेला, पण एकटा ऐकला गेला, आणि त्यानें फसविलें. पिंपळगांवचा उतार कोणीच सांगितला नाहीं, पण तो दोन शेजाऱ्यांवरून ओळखला गेला, आणि तो खरा ठरला.

आतां हा ‘उतार’ शब्दच घ्या. याला इंग्रजींत काय म्हणतात, असें जर कोणा विद्यार्थ्यानें विचारलें, तर त्या प्रश्नाला एक उत्तर नाहीं. नदीचा उतार म्हणजे फोर्ड. रस्त्याचा उतार म्हणजे स्लोप. तापाला उतार पडला तर नामाऐवजीं क्रियापदच योजावें लागतें आणि फीव्हर ‘केम डाउन’ म्हणावें लागतें. उतारवयाला इंग्रज डिक्लायनिंग इयर्स म्हणतो. शेवटीं एक काना जोडला कीं ‘उतारा’ होतो, आणि मग विषावरचा उतारा अँटिडोट, सात-बाराचा उतारा एक्स्ट्रॅक्ट, प्रश्नपत्रिकेंतील उतारा पॅसेज. मौज अशी कीं, पॅसेज या इंग्रजी शब्दालाही पार जाण्याची वाट असा अर्थ आहे. त्यामुळें नदीच्या उताराला पॅसेज म्हणणारा विद्यार्थी अगदींच चुकला असें म्हणवत नाहीं. पण जेथून माणसें व बैल पायींच पाणी तुडवीत जातात त्या जागेला फोर्ड म्हटल्यावांचून इंग्रजाच्या डोळ्यांपुढें तें गुडघाभर पाणी उभें राहत नाहीं. दोन शब्दांचा अर्थ जवळचा असूनही एकानें चित्र उमटतें, दुसऱ्यानें उमटत नाहीं. निवडीचा प्रश्न येथेंच उत्पन्न होतो.

आमच्या प्राचीन शास्त्रकारांनीं या प्रश्नाचा विचार पूर्वींच केलेला आहे. ‘सैंधव आण’ हें उदाहरण संस्कृत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असतें: जेवतांना म्हटलें तर मीठ आणावयाचें, प्रवासास निघतांना म्हटलें तर घोडा. भर्तृहरीच्या वाक्यपदीयांत, अनेकार्थी शब्दाचा प्रस्तुत अर्थ कशावरून ठरवावा याच्या साधनांची यादीच दिलेली आहे. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, दुसऱ्या शब्दाचें सान्निध्य, औचित्य, देश, काल, हीं त्यांतील कांहीं. या दृष्टीनें पाहिलें तर भोकरदनच्या बाबतींत ‘देश’ चुकला, आणि केळणेच्या कांठीं ‘साहचर्या’नें हात दिला.

ज्या समाजाच्या शास्त्रांत ही दृष्टि होती त्यांतील विद्यार्थी इंग्रजी शब्दांपुढें गोंधळूं लागला, याचें एक कारण आपल्या कोशांच्या इतिहासांत आहे. विल्यम कॅरीचा मराठी-इंग्रजी कोश १८१० सालीं श्रीरामपूर येथें प्रसिद्ध झाला. त्यांतले मराठी शब्द मोडी लिपींत होते. त्यानंतरचें मोठें कार्य मोल्सवर्थचें. मुंबईच्या लष्करांतील हा अधिकारी मराठीच्या अभ्यासांत इतका रमला कीं, लोक त्याला ‘मोलेसरशास्त्री’ म्हणूं लागले. टॉमस व जॉर्ज हे कँडी बंधू आणि अनेक मराठी शास्त्री यांच्या साह्यानें त्यानें मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं सिद्ध केला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत शब्दसंख्या सुमारें ६०,००० वर गेली. त्यानेंच आरंभिलेला आणि टॉमस कँडीनें पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं बाहेर पडला. मराठीवर या मंडळींचे उपकार थोर आहेत, आणि आजही मोल्सवर्थ उघडल्यावांचून जुन्या मराठीच्या अभ्यासकाचें पान हालत नाहीं.

पण मराठी-इंग्रजी कोश हे मुख्यतः कोणासाठीं रचले गेले? मराठी अर्ज, कैफियत किंवा बखर समोर घेऊन बसलेल्या इंग्रजासाठीं. त्याला एका मराठी शब्दापुढें पांच-सात इंग्रजी शब्द दिले कीं त्याचें काम होत असे. त्या प्रत्येकाची छटा त्याच्या अंगांत लहानपणापासून मुरलेली होती; अर्जांतील मागचा-पुढचा मजकूर त्याच्यासमोर होता; कोणता शब्द येथें लागू पडतो हें त्याचें त्याला कळे. मराठी विद्यार्थी त्याच उतारानें उलट दिशेस निघाला. त्याच्यासमोर तीच पांच-सात शब्दांची ओळ आली. पण त्या शब्दांशीं त्याचा परिचय नव्हता. इंग्रजास ज्या यादीनें अर्थ उलगडून दिला, तिनेंच मराठी मुलास कोड्यांत टाकलें. कँडीच्या इंग्रजी-मराठी कोशाचा त्याला इंग्रजी ग्रंथ वाचतांना पुष्कळ उपयोग झाला, कारण तेथें निवड मराठी शब्दांत करावयाची होती व मराठी त्याची स्वतःची होती. स्वतः इंग्रजी लिहूं लागतांच मात्र तो निराधार होई. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा आपल्या कित्येक पिढ्यांवर जो उपकार आहे तो याच कारणानें; तिनें सुट्या शब्दांऐवजीं वाक्यासमोर वाक्य ठेवलें, आणि वाक्यांतला शब्द सहसा एकटा पडत नाहीं.

जालन्याकडील विद्यार्थ्याला तर एक नदी ओलांडून भागत नसे. घरीं मराठी, कचेरींत व वरच्या शाळेंत उर्दू, आणि त्यापुढें इंग्रजी, असा त्याचा प्रवास होता. हैदराबाद संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा उर्दूनें घेतली. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उर्दू हें शिक्षणाचें माध्यम व इंग्रजी हा आवश्यक विषय होता. मौलवी अब्दुल हक यांच्या संपादकत्वाखालीं तयार झालेला मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ सालीं निघाला, तो शेजारच्या औरंगाबादेसच छापला गेला. सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत सामील झाल्यावर ही व्यवस्था पालटली. परंतु तोंपर्यंत मराठवाड्यांतील सुशिक्षितांच्या मनांत इंग्रजी शब्द बहुधा उर्दूच्या दारांतून शिरत असे, आणि त्या दारांत कांहीं फसवे सोबती उभे होते.

‘तालीम’ हा शब्द पाहा. उर्दूंत याचा अर्थ शिक्षण, म्हणजे इंग्रजी एज्युकेशन. मराठींत तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा, तेथील व्यायाम, किंवा नाटकाची रंगीत तालीम; यांतील शेवटल्या अर्थीं रिहर्सल म्हणावें लागेल. ‘फाजील’ उर्दूंत विद्वान् मनुष्यास म्हणतात. मराठींत फाजील म्हणजे प्रमाणाबाहेरचा, आणि फाजील मूल म्हणजे विद्वान् मूल खास नव्हे! यांत हंसण्यापलीकडे फारसें कांहीं बिघडत नाहीं. पण ‘राजीनामा’ हा शब्द घेतला कीं हंसणें थांबतें. मूळ अरबी ‘राजी’ म्हणजे खूष किंवा संमत. त्यावरून उर्दू कोर्टाच्या भाषेंत राजीनामा म्हणजे दोन पक्षकारांनीं आपसांत समेट केल्याचा लेख. मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरांत राजीनामा म्हणजे खातेदारानें आपली जमीन सोडून दिल्याचा लेख. रोजच्या मराठींत राजीनामा म्हणजे नोकरीचा किंवा पदाचा त्याग. इंग्रजींत यांस कॉम्प्रोमाइज, रिलिंक्विशमेंट आणि रेझिग्नेशन असे तीन अगदीं निरनिराळे शब्द आहेत. अशा कागदाचें इंग्रजी करणाऱ्या कारकुनानें दुसऱ्याच्या जागीं पहिला शब्द घातला, तर जमीन सुटली कीं भांडण मिटलें हेंच वरच्या अधिकाऱ्यास कळावयाचें नाहीं. आणि त्या कागदाखालीं अंगठा उठविणाऱ्या कुणब्याला आपलें काय झालें हें तर त्याहूनही कळावयाचें नाहीं. शब्दाची निवड ही लेखनाची नुसती शोभा आहे असें मानणाऱ्यांनीं या एका शब्दाचा विचार करावा.

शिकणाऱ्याच्या बाजूनें विचार करणारा इंग्रजी कोश फार उशिरां जन्मास आला, आणि त्याच्या पाठीशीं आशियांतील शाळांचा अनुभव होता. मायकेल वेस्ट हे बंगाल्यांत ढाक्यास शिक्षणखात्यांत काम करीत असत. तेथील मुलांना इंग्रजी कां येत नाहीं याचा विचार करतां करतां ते कोशाकडे वळले. १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोशांत सर्व अर्थ अवघ्या १,४९० सोप्या शब्दांच्या साह्यानें सांगितले होते. ए. एस. हॉर्नबी जपानांत इंग्रजी शिकवीत असत. त्यांनीं सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ सालीं टोकियोंत निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डनें तो जगभर नेला. त्यांत नुसता अर्थ देऊन न थांबतां, क्रियापद कोणत्या रचनेंत येतें, नाम मोजतां येतें कीं नाहीं, शब्द कोणत्या वाक्यांत शोभतो, हें उदाहरणांनीं दाखविलें होतें. लाहोरास कांहीं वर्षें इंग्रजीचे अध्यापक असलेले जे. आर. फर्थ यांनीं पुढें १९५७ सालीं, शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा विचार भाषाशास्त्रांत रूढ केला. आमच्या खेड्यांतील शेतकऱ्यास हें ऐकून नवल वाटणार नाहीं. ढवळ्याशेजारीं बांधला पवळा, वाण नाहीं पण गुण लागला, हें तो बैलांविषयीं सांगत आलाच आहे. शब्दांनाही शेजाऱ्याचा गुण लागतो.

हा गुण कसा लागतो तें एका साध्या विशेषणावरून पाहावें. ‘मोठा’ हा शब्द मराठींत कोठेंही चालतो. मोठें घर, मोठा भाऊ, मोठा आवाज, मोठा मनुष्य, मोठा पाऊस. इंग्रजींत घर बिग किंवा लार्ज, भाऊ एल्डर, आवाज लाउड, मनुष्य ग्रेट, आणि पाऊस हेवी. येथें ‘मोठा’ या शब्दाचें भाषांतर कोणी करीतच नाहीं. पुढचें नाम आपलें विशेषण आपणच निवडून घेतें. तेंच ‘लागणें’ या क्रियापदाचें. आग लागते, भूक लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, ठेंच लागते. इंग्रजींत पांचही ठिकाणीं क्रियापद वेगळें. जो विद्यार्थी ‘लागणें म्हणजे काय’ असें पाठ करील तो पांचही ठिकाणीं अडेल. जो ‘वेळ लागणें’ म्हणजे टेक टाइम, ‘आग लागणें’ म्हणजे कॅच फायर, अशा जोड्या उचलील त्याला अडावयाचें कारण उरणार नाहीं.

जालन्याविषयीं लोकांत एक म्हण आहे: जालना, सोन्याचा पाळणा. तेथील व्यापाराच्या भरभराटीला हें कौतुक शोभतें. पण याचें इंग्रजी करावयाचें झाल्यास पाळण्याला काय म्हणावें? मराठींत पाळणा तान्ह्या मुलाचा असतो, जत्रेंतला उंच फिरणारा असतो, आणि बारशाला म्हणावयाचें गाणेंही पाळणाच. येथें मुलाचा पाळणा अभिप्रेत आहे, तेव्हां क्रेडल शब्द आला. तथापि इंग्रजींत क्रेडल लाक्षणिक अर्थीं योजला कीं ऐकणाऱ्यास उगमस्थानाची आठवण होते, आणि जालना ही सोन्याची जन्मभूमि, म्हणजे तेथें सोन्याच्या खाणी आहेत कीं काय, असें त्याला वाटण्याचा संभव! शब्द बरोबर असूनही अर्थ हुकला. अशा वेळीं शब्दाचा हट्ट सोडून, या गांवांत जन्मास येणाराला सुबत्तेची वाण नाहीं, एवढा आशय सरळ सांगणें हेंच चांगलें भाषांतर होय. योग्य शब्द निवडणें यांत कधीं कधीं शब्द सोडून देणेंही येतें.

यावरून जी रीत निष्पन्न होते ती सोपी आहे, आणि घरोघरीं इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस ती पहिल्यापासून लावतां येईल. कोश दूर सारण्याचें कारण नाहीं. पण कोशांतील यादी ही वाटाड्याची माहिती समजावी. ती खरी असते, उपयोगाची असते, परंतु पुरी नसते. यादी पाहिल्यावर शब्द उचलण्यापूर्वीं चार गोष्टी विचाराव्या: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, आणि या शब्दाच्या दोहों बाजूंस कोण बसणार आहे. मग निवडलेला शब्द इंग्रजी वाक्यांत खरोखर तसा येतो कीं नाहीं, हें चांगल्या लेखकाच्या पुस्तकांत किंवा उदाहरणें देणाऱ्या कोशांत पडताळून पाहावें. वेलस्लीसुद्धां अनुमान बांधून थांबला नाहीं. त्यानें माणूस पाठवून नदींतलें पाणी पाहून घेतलें, आणि मगच सैन्य उतारांत घातलें. मुलांच्या वह्यांत आज एका बाजूस इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूस त्याचा मराठी अर्थ अशा दोन रांगा असतात. त्यांच्या जागीं, ज्या वाक्यांत तो शब्द भेटला तें सबंध वाक्य उतरून घ्यावें. वही लवकर भरेल आणि शब्द कमी होतील, हें खरें. पण जे राहतील ते आपापल्या शेजाऱ्यांसह राहतील, आणि लिहितांना हांक मारतांच जोडीनें येतील.